पिकदाणीला मुजरा

"आमच्या राज्यात माणसं आमच्या हुकमाने बसतात. मग हे शब्द कोण लागून गेले?" भिवराईचे राजे जयसिंगराव गरजले.

समोर सबनीस मास्तर घाम पुसत उभे होते. पुढच्या आठवड्यात गोरा साहेब येणार होता आणि सरकारांना इंग्रजीत भाषण करायचं होतं. पण क्रियाविशेषणांपाशी घोडं अडलं होतं.

"सरकार, 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी येतो, 'स्लोली' बहुधा नंतर. 'टुडे' शेवटी, पण कधी कधी सगळ्यांच्या पुढेही..."

"म्हणजे शिस्तच नाही! सगळ्यांनी वाक्याच्या शेवटी रांगेत उभं राहायचं आणि साहेबाने त्याला बरोबर म्हणायचं! उद्यापर्यंत जमवा, नाहीतर गाशा गुंडाळा!"

दाराबाहेर पंख्याची दोरी ओढणाऱ्या हौसाचा हात थबकला. धडा ऐकत ऐकत ती चोरून इंग्रजी शिकत होती. मास्तरांना ते ठाऊक असावं. अवघड शब्द ते नेहमी दाराकडे तोंड करून म्हणत. मास्तर गेले की तिचं शिकणंही गेलं!

"पंखा का थांबला?"

"शब्द का ऐकत नाहीत ते कळलं, सरकार!" हौसा हळूच म्हणाली. "त्या बिचाऱ्यांनी हुकूम पाळणारी माणसं पाहिलीच नाहीत. आज देवळात जाताना सगळ्या चाकरांना मागे, एका रांगेत चालवा. ते पाहिल्यावर शब्दांची काय बिशाद!"

"बघा मास्तर! पोरीला कळतं ते तुम्हाला कळत नाही!" सरकार खूश झाले.

दुपार कलताच स्वारी निघाली. पुढे एकटे सरकार. मागे छत्रवाला, त्याच्या मागे चवरीवाला, मग ललकारी देणारा चोपदार आणि सर्वांत शेवटी पिकदाणी घेतलेला धोंडबा. मास्तर आणि हौसा कडेने चालत होते.

छत्राची सावली चवरीवाल्याला मिळाली. चवरीचा वारा छत्रवाल्याच्या पाठीला लागला. सरकार मात्र उन्हात घामाघूम! वळणावर एक म्हैस आडवी उभी होती. तिला हाकलायला पुढे कोण होतं?

"ए, बाजूला हो!" सरकार म्हणाले. म्हशीने शांतपणे त्यांच्या जरीच्या शेल्यावर शेपूट फिरवलं.

इतक्यात मागे चोपदार ओरडला, "महाराज येत आहेत होऽऽ!" कामात बुडालेले दुकानदार दचकून उठले. चोपदाराच्या मागून येतात ते महाराज, ही वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी खाली मान घालून धोंडबाला मुजरे केले!

"हौसा! हा काय तमाशा आहे?"

"सरकार, माणसं तीच, कामंही तीच. जागा तेवढी हुकमाप्रमाणे."

"म्हणून मुजरा पिकदाणीला?"

"हे लोक आपले आहेत, सरकार. चूक कळली की फिरून मुजरा करतील. पण भाषणातला 'ऑलवेज' असाच मागे राहिला, तर साहेब कुणाला सलाम ठोकेल, काय नेम!"

सरकारांनी वळून पाहिलं. धोंडबा अजूनही एका हाताने मोठ्या अदबीने मुजऱ्यांचा स्वीकार करत होता. सरकारांना असं हसू फुटलं, की म्हैसही बिचकून पळाली!

"हरलो! मास्तर, उद्या धड्याला या. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"धडा चालू असताना खोलीत बसू द्या, सरकार."

"दिलं! पण खोलीत कुठे बसायचं ते आम्ही नाही सांगणार बुवा," सरकार डोळे पुसत म्हणाले, "ते मास्तरांनाच विचार!"