पांढऱ्या भिंतीतला जागल्या

त्या राज्यात सगळी घरं मऊ होती, आणि पांढऱ्या भिंतींच्या आधारानं ती उभी होती. भिंती धड तर राज्य धड, एवढं तिथं सगळ्यांना कळत होतं. राज्याची धनीण पार वर राहायची. तिला आईसाहेब म्हणत. खालच्यांपैकी कुणी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत लांब आणि जाड भिंतीच्या कोनाड्यात जागल्या बसायचा. काम साधंच होतं. भिंतीवरून झिरपणाऱ्या पाण्यात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. पाणी गोडं लागलं तर हात मांडीवर ठेवून गप्प राहायचं. आंबट लागलं, किंवा भिंतीला दणका बसला, तर शेजारची दोरी ओढायची. एकदाच. दोरी जिन्यातल्या निरोप्याकडे जायची आणि पुढचं तो वर कळवायचा. जागल्यानं वर्षानुवर्षं दोरीला हात लावला नव्हता. म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नसे, आणि हे त्याला थोडं लागायचं.

जागल्यांना एकच बंधन होतं. परक्याच्या हातचं खायचं नाही. घरून येईल तेवढं आणि तेच.

मग भिंतीच्या पोकळीत वाढोबा बिऱ्हाड घेऊन आला. परका म्हणावं तर तोंडवळा घरचा, बोलणंही घरचं. दूरच्या आळीत जन्मलेला, आईसाहेबांच्याच अन्नावर पोसलेला. आल्या आल्या त्यानं वाटीभर खीर पुढे केली.

"घ्या जागलेबुवा. किती दिवस असे कोरडे बसणार?"

"आम्हाला चालत नाही हो बाहेरचं."

"बाहेरचं? अहो, मी कुठला बाहेरचा? आणि लाजताय काय नव्या जावयासारखे!"

घरच्या माणसाच्या हातचं परक्याचं कसं होईल, असं जागल्यानं स्वतःला समजावलं आणि वाटी तोंडाला लावली. चुकला तो इथंच.

खीर रोज येऊ लागली. जागल्याला नवी बोटं फुटली, बोटांमागून हात फुटले. ज्या भेगांत पूर्वी त्याचा हात पोचत नव्हता तिथं आता त्याचे तीन-तीन हात पोचायला लागले. जीभही हळवी झाली.

त्या राज्यात भिंतीचा जुना चुना खरवडणारे गवंडी होते, आणि त्यांच्या मागून नवा लिंपणारेही होते. आपली जागा वाढवायला वाढोबानं खरवडणाऱ्यांना हाताशी धरलं. चुना लवकर सुटावा म्हणून ते आंबट पाणी शिंपडत, आणि ते ओघळून जागल्याच्या कोनाड्यात येई. तो दोरी ओढी. यात त्याचं काही चुकलं नव्हतं, पाणी आंबटच होतं. पण आता तो आठ हातांनी ओढत होता, आणि एकदा ओढून त्याचं भागत नव्हतं. पुढे पुढे गोडं पाणीसुद्धा त्याला आंबट लागायला लागलं. कुणी भिंतीजवळून हळू पावलांनी गेलं तरी आठही हात दोरीवर पडत. वाढोबा म्हणायचा, "तुमच्याशिवाय या राज्याचं पानही हलत नाही बघा!" जागल्याला ते खरं वाटायचं. बरंही वाटायचं.

एका सकाळी निरोप्या धापा टाकत खाली उतरला.

"अरे बाबा, काय चालवलंयस तू?"

"इशारा देतोय. घंटा वाजवतोय."

"वर घंटा नाही रे," निरोप्या म्हणाला. "माझ्या हातून पुढं गेलेल्या दोरीचं दुसरं टोक आईसाहेबांच्याच जिवाला बांधलंय. तू ओढलंस की ती कळवळते. अंगावर चादर घातलेली सोसत नाही तिला. लेक जवळ बसली तरी 'हळू बस गं' म्हणते."

जागल्याचे आठही हात जागच्या जागी थिजले.

"वैद्य विचारतायत, भिंतीतल्यानं खाल्लंय काय, म्हणून एवढा ओढतो? ते कळलं तर उपाय आहे. सांग."

जागल्यानं वाटी पाठीमागं सरकवली. "काही नाही. घरचंच."

निरोप्या वर गेला. वैद्यांचा तोच प्रश्न घेऊन तो दुसऱ्यांदा आला, तेव्हाही जागल्या म्हणाला, "घरचंच." मधल्या काळात खीर नको म्हणून त्यानं पाहिलं. पण एवढे हात झाल्यावर भूकही तेवढी झाली होती. वाटी आली की तो भिंतीकडे तोंड करून खायचा, कुणी बघत नसलं तरी.

तिसऱ्या खेपेला निरोप्यानं काही विचारलं नाही. पायरीवर बसला.

"काय म्हणाल्या त्या?" जागल्यानंच विचारलं. "शिव्या दिल्या असतील."

"शिव्या कसल्या. म्हणाल्या, एवढं ओरडतोय म्हणजे त्या बिचाऱ्यालाच काहीतरी होत असेल. त्याला विचार, दमलास का."

जागल्याला वाटलं, भिंत दुभंगावी आणि आपण आत जावं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून सोसल्या असत्या. पण हे कुठं ठेवायचं ते त्याला कळेना. आठ हातांत तोंड लपवायला एकही पुरेना. मग त्यानं पाठीमागची वाटी काढली आणि निरोप्यापुढं ठेवली.

"वाढोबाची खीर," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. कुणी जबरदस्ती नाही केली. मी आवडीनं खाल्ली."

निरोप्या वाटी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वैद्यांची माणसं आली. ती वाढोबाला हात लावू शकली नाहीत, तो फार आत शिरला होता. पण वाढोबाकडून निघालेली खीर ती वाटेतच अडवून टिपून घ्यायला लागली.

"काय बुवा, चुगली केलीत ना?" वाढोबा हसला. "माझं भिंत पोखरणं थांबलं का त्यानं? आता गप्प बसून बघा."

जागल्या आपल्या कोनाड्यात सरकून बसला. नवे हात सुकत चालले होते, आणि सुकताना दुखत होते. त्याबद्दल त्यानं दोरीला हात लावला नाही. खरवडण्याचा आवाज येतच होता. त्यानं बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. आंबट होतं. त्यानं दोरी एकदा ओढली, अगदी हलकी, जशी ओढायची असते तशी. मग हात मांडीवर ठेवले.

बराच वेळ काही झालं नाही. मग वरून कापडाची सळसळ ऐकू आली. कुणीतरी विचारत होतं, "आई, पायाखाली उशी देऊ का?" आणि एक दमलेला आवाज म्हणत होता, "नको गं. आज जमेलसं वाटतंय."

जागल्या बसला होता ती अख्खी भिंत जागची हलली. एका टोकाकडून थोडी उचलली गेली आणि सावकाश, भीत भीत, अंथरुणावर लांब झाली.