केरबाचे राखणदार

एकदा एका नदीकाठच्या मठात तुरुंगातून सुटलेला एक माणूस आला. आला म्हणण्यापेक्षा, येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मठाचे दार दिवसभर उघडेच असे. गाईगुरेसुद्धा विचारल्यावाचून आत शिरत. हा मात्र सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो तसाच उभा होता. अखेर मठातल्या एका तरुण शिष्याचे लक्ष गेले, तो "आत या" म्हणाला, तेव्हा कुठे त्याने पाऊल उचलले.

त्याचे नाव केरबा. एके काळी दारूने त्याचे घर धुऊन नेले होते. त्या दारूच्याच भरात, बांधावरच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारले. शेजारी वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. केरबाला मोठी शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला, पण घरी जायला त्याचे पाय धजेनात. त्याची बायको हौसा त्याच नदीच्या काठी, मठाच्या खालच्या अंगाच्या गावात राहत होती. तिने एवढाच निरोप धाडला होता, "राखणदार लागणार नसंल, तवा या. इतकी वर्सं मी राखण केली. आता माझ्यात ताकद न्हाई."

ही राखण म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात दारू शिरली आहे त्यांना सांगायला नको. बाटल्या शोधायच्या, ओतून टाकायच्या, दिवेलागण झाली की वाटेकडे डोळे लावून बसायचे, आणि एवढे करून मार खायचा तो खायचाच. हौसाचे सारे तारुण्य त्यात गेले होते. तरीही तिने 'येऊ नका' असे म्हटले नव्हते, आणि केरबा त्याच एका गोष्टीवर जगत होता. त्याला घरी जायचे होते. याखेरीज त्याला या जगाकडून काहीही नको होते.

मठाचे गुरुजी वयोवृद्ध आणि मितभाषी होते. त्यांनी केरबाला ठेवून घेतले. तुरुंगात तो सतरंज्या विणायला शिकला होता, म्हणून मागच्या पडवीत त्याला माग लावून दिला. काम तो मन लावून करी. परंतु त्याची एक खोड लवकरच सर्वांच्या ध्यानात आली. तो प्रत्येक गोष्ट विचारून करी. पाणी पिऊ का, आंघोळीला जाऊ का, आडवा होऊ का. सतरंजीचा एक पट्टा विणून झाला की त्याचे हात थांबत, आणि पुढचा रंग कोणता हे कोणी सांगेपर्यंत तो मागासमोर नुसता बसून राही. तुरुंगात रंग शिपाई सांगत असे.

शिष्य मनाने मृदू होता. त्याला या माणसाची दया येई आणि तो प्रत्येक वेळी तत्परतेने उत्तर देई. पी बाबा, जा बाबा, आता तांबडे सूत घे. उत्तर मिळाले की केरबाला हायसे वाटे, आणि शिष्यालाही बरे वाटे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे, हे सुख काही थोडेथोडके नसते.

गुरुजींचे वागणे मात्र शिष्याला कोड्यात टाकणारे होते. केरबाने त्यांना काही विचारले की ते उत्तरच देत नसत. ऐन वैशाखातल्या एका दुपारी केरबा माठाजवळ उभा राहिला आणि त्याने विचारले, "गुरुजी, पानी पिऊ का?" गुरुजींनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि ते पुन्हा भुईमुगाच्या शेंगा फोडू लागले. केरबा तसाच उभा. ओठ सुकलेले, माठ हाताशी, आणि हात काही पुढे होईना. बराच वेळ असा गेल्यावर शिष्याला पाहवेना. त्याने धावत येऊन गडू भरला, केरबाच्या हातात दिला, आणि गुरुजींकडे अशा नजरेने पाहिले की एखाद्या तापट गुरूने त्याला त्याच पावली मठाबाहेर काढले असते.

"आणखी थोडा थांबला असतास," गुरुजी शांतपणे म्हणाले, "तर गडू त्याने घेतला असता."

शिष्याला ते पटले नाही. वडीलधाऱ्यांच्या अशा बोलण्यात पुष्कळदा आळस लपलेला असतो, असे त्याला वाटून गेले.

पुढे पावसाळा सरला. वाटा कोरड्या झाल्या तसे केरबाने शिष्याला विचारले की आता घरी जाऊ का. शिष्याला आनंद झाला. शुभस्य शीघ्रम् म्हणून तो त्याला घेऊन स्वतःच निघाला. वाटेत, जिथे नाव काठाला लागते तिथे, एक दारूचा गुत्ता होता. केरबाच्या आयुष्याची कित्येक वर्षे तिथे सांडली होती. तो वास नाकात शिरताच त्याची चाल मंदावली. शिष्याने त्याचे मनगट घट्ट धरले आणि मोठमोठ्याने नामस्मरण करीत त्याला जवळजवळ ओढतच पुढे नेले. हौसाच्या अंगणात पोहोचल्यावरही त्याने ते मनगट सोडले नाही.

हौसा गोवऱ्या रचीत होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो शुद्धीवर होता, अंगात धुतलेली कापडे होती. तिचे डोळे भरून आले. मग तिची नजर खाली, शिष्याने धरलेल्या मनगटावर गेली आणि तिथेच थांबली. तिने दोघांना पाणी दिले, गूळ दिला. मग ती शिष्याला म्हणाली, "ह्ये आपल्या पायानं आल्यालं न्हाईत महाराज, ह्यास्नी तुमी आणलंय. तुमी मागारी गेलासा की उद्या ह्यो हात कुणी धरायचा? मीच न्हवं?"

एवढे बोलून ती आत गेली. दार तिने आपटले नाही, हळूच लोटले. आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज बाहेर येत होता. केरबाने शिष्याला विचारले, "मागारी जाऊ का?" आणि दोघे आल्या वाटेने परतले.

शिष्याने मठात येऊन त्या बाईच्या कठोरपणाची तक्रार केली. गुरुजी म्हणाले की तिला जे कळले आहे ते तुला अजून कळायचे आहे, आणि आजपासून तूही केरबाच्या प्रश्नांना उत्तरे देऊ नकोस. आज्ञा होती, म्हणून शिष्याने ती पाळली.

केरबाचे ते दिवस फार वाईट गेले. विचारायचे आणि उत्तर नाही. माग कित्येक दिवस मुका पडला. मग एका दुपारी त्याने कोणालाही न विचारता गडू बुडवला आणि चोरासारखा इकडेतिकडे पाहत घटाघटा पाणी प्याला. पुढे मागही हलला. आपल्या मनाने रंग घेऊन विणलेली त्याची पहिली सतरंजी इतकी भडक झाली की पाहुण्यांपुढे ती अंथरावी की नाही, यावर मठात चर्चा झाली. गुरुजींनी ती आपल्या बसण्यासाठी घेतली.

त्यानंतर एका सकाळी केरबा गुरुजींसमोर येऊन म्हणाला, "घरला जाऊन बघू का?" गुरुजी बोलले नाहीत. केरबा थोडा वेळ थांबला आणि एकटाच वाटेला लागला. शिष्य त्याच्या पाठोपाठ जायला उठला, तेव्हा गुरुजींनी त्याला खांद्याला धरून खाली बसवले.

ऊन उतरता उतरता केरबा परत आला तो झोकांड्या खात. घरापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. मठाच्या दारात तो कोसळला आणि मान वर करीना. गुरुजींनी स्वतः त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याला उलट्या झाल्या त्या धुतल्या, त्याचे कपडे बदलले, तांदळाची पेज पाजली. केरबाचा डोळा लागल्यावर मात्र शिष्याचा बांध फुटला. तो म्हणाला की मी बरोबर असतो तर हा आज आपल्या घरी असता, आणि हे पाप तुमचे आहे. तेवढ्यात त्याला कोपऱ्यात गुरुजींचे दुपारच्या जेवणाचे पान दिसले. ते झाकलेलेच होते. त्याला कोणी हात लावला नव्हता.

"माझे दिवसभर त्या वाटेकडेच लक्ष होते," गुरुजी म्हणाले. "बाळ, हा माणूस आधी दारूच्या ताब्यात होता. ती उठवील तेव्हा उठायचा, ती पाडील तिथे पडायचा. मग तुरुंगाच्या ताब्यात गेला. तिथे जेवणे, झोपणे, दाराची कडी, सारे शिपायाच्या हाती. तिथे तो प्यायला नाही, पण ते न पिणे त्याचे नव्हते, त्या भिंतींचे होते. मग तो इथे आला आणि तू त्याला ताब्यात घेतलेस. तू प्रेमळ आहेस आणि तुझ्या हातात दंडुका नाही, एवढाच फरक. आज दारूने त्याला पुन्हा ओढले. वाईट झाले, फार वाईट झाले. पण त्याला गुत्त्यातच पडून राहता आले असते. इथे परत ये असे त्याला कोणी सांगितले होते? तो कोणाला विचारून आला? त्याच्या पायांनी आज ठरवले, आणि तेवढ्यावर मी आशा धरून आहे. तो पडला तर उचलू. आजारी पडला तर उशाशी बसू. पण त्याच्या वतीने 'नको' म्हणायचे नाही. तो शब्द त्याचा त्यालाच म्हणता आला पाहिजे."

"आणि तो पुन्हा प्यायला तर? त्यातच गेला तर?"

"जाऊ शकतो," गुरुजी म्हणाले. "ते भय मलाही आहे. पण आपण राखण करीत बसलो तर तो जगेल, आणि घरी मात्र कधीच पोहोचणार नाही."

केरबा बरा झाला, पुन्हा मागावर बसू लागला. कोणी त्याला रागे भरले नाही, कोणी त्याचे सांत्वनही केले नाही. गुरुजी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसत आणि सूत उकलण्यात त्याला मदत करीत. शिष्याला हे वाट पाहणे उपासापेक्षा अवघड गेले. तोंडापर्यंत आलेले उत्तर गिळायचे, ही तपश्चर्या त्याने पोथ्यांत कुठे वाचली नव्हती.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी मागाचा आवाज आला नाही. पडवीत केरबाचे अंथरूण नीट घडी करून ठेवले होते आणि तो नव्हता. त्याने कोणालाही विचारले नव्हते. गुरुजींना तर नाहीच. शिष्य तडक नदीच्या वाटेने सुटला आणि धापा टाकीत गुत्त्यावर येऊन त्याने केरबाची चौकशी केली.

गुत्त्याचा मालक जरा घुश्शातच होता. केरबा आला होता, त्याने सांगितले. दारात उभा राहिला. जुन्या ओळखीला जागून आपण पेला भरून पुढे ठेवला. त्याने पेल्याकडे पाहिले, घामाघूम झाला, पण बसला नाही.

"आन मग म्हणतो कसा, 'जाऊ का मी?'" मालक म्हणाला. "मी म्हटलं, नगं, बस की, घाई काय हाय? तर माझ्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं, आन गेला की वो सरळ."

शिष्य तिथेच मटकन खाली बसला. त्याला रडू आवरेना. मालकाला वाटले की यालाही काही हवे असावे. डोळे पुसून शिष्य उठला आणि हौसाच्या गावाकडे निघाला. वेस दिसू लागली, घरांची कौले दिसू लागली. तिथे तो थांबला. थोडा वेळ उभा राहून त्याने पाठ फिरवली आणि तो मठाकडे चालू लागला.

गुरुजी दारातच उभे होते. त्यांनी शिष्याचा चेहरा निरखला. शिष्याने गुत्त्यावरची सारी हकीकत सांगितली. ती ऐकून वृद्धाने डोळे मिटले.

"घरी पोहोचला का?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही, गुरुजी. मी वेशीवरून मागे फिरलो."

"एवढे जवळ जाऊन?"

"हौसाबाईंनी मला पाहिले असते," शिष्य म्हणाला, "तर त्यांना वाटले असते, मीच आणले."