अनवाणी गाव

जिकडे जहाजे क्वचितच वळत अशा समुद्रात एक बेट होते, आणि त्या बेटावर पोटात आग घेऊन बसलेला एक डोंगर होता. डोंगराच्या माथ्याजवळ, जिथे दुपारपर्यंत ढग अडकून राहत, तिथे एक फार जुने गाव होते. घरे काळ्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली. अंगणात अंजिराची झाडे, गावाच्या मधोमध पावसाचे पाणी साठवणारे टाके, आणि वाऱ्याची दिशा बदलली की येणारा गंधकाचा वास.

त्या उतारावर आणखीही गावे वसली होती. ती एकेक करून राखेखाली गेली. हे गाव मात्र राहिले, कारण या गावात कुणी पायात काही घालत नसे.

डोंगर तापू लागला की आवाज सगळ्यात शेवटी येई, धूर त्याच्या थोडा आधी. त्याच्याही पुष्कळ आधी जमीन कोमट होई. ते ध्यानात यायचे तर अंगाचा काहीतरी भाग दिवसभर जमिनीला लागलेला हवा, आणि तो म्हणजे तळपाय. म्हणून वेशीवर एक ओटा बांधलेला होता. बंदरावरून वर आलेल्या माणसाने पायातले तिथे काढायचे, मगच गावात शिरायचे. अनवाणी चालून कातडी जाड होते, तिला काही कळेनासे होते. म्हणून संध्याकाळी लहानथोर सगळे टाक्याच्या काठावर बसून टाचा घासत. घासायला दगडही डोंगराचाच होता, भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगणारा. घासताना गप्पा चालत, चेष्टा चालत. कुणाची टाच कशी आहे यावरून मुलींची लग्नेसुद्धा ठरत.

एकट्याच्या पायावर विश्वास ठेवायचा नाही, असाही नियम होता. कुणाला जमीन ऊन लागली तर त्याने वेशीवर येऊन सांगायचे. मग शेजारीपाजारी येऊन त्या जागी पाय लावून बघत. बऱ्याच जणांना तसेच लागले, तर चुलीवरचे चुलीवर टाकून, शेळ्या पुढे घालून सगळे बंदरावर उतरत आणि होड्यांत जाऊन बसत. कधी डोंगर नुसता गुरगुरून गप्प होई. मग लोक स्वतःला हसत परत येत आणि करपलेली भाकरी शेळ्यांना घालत. कधी परत आल्यावर घरे राखेतून उकरून काढावी लागत. पण उकरायला माणसे असत.

पुढे जहाजे वाढली आणि हे जुने गाव बघायला दूरदूरचे लोक येऊ लागले. सुरुवातीच्या एका पाहुण्याने विचारले, तुम्ही अनवाणी का? गावकऱ्यांनी खरे ते सांगितले. पाहुण्याने जेवण अर्धे टाकले, तो त्याच पावली खाली उतरला, आणि त्या गावात माणूस झोपेत भाजून मरेल असे बंदराबंदरावर सांगत सुटला. पुढे किती तरी दिवस तिकडे कुणी फिरकले नाही. गावात अंजिरांखेरीज विकायला काही नव्हते, आणि अंजिरे कुणी विकत घेईना.

तेव्हा गावच्या मुखियाने एक गोड उत्तर तयार केले. आता कुणी विचारले की तो हात जोडून म्हणे, "डोंगर आमचा देव आहे. देवाच्या अंगावर पायताण घालून कसं चालायचं?"

हे उत्तर पाहुण्यांना फार आवडले. कुणाकुणाचे डोळे भरून येत. पाहुणे वाढले, अंजिरे खपू लागली, घरांवर नवी छपरे आली. मुखियाची म्हातारी आई चुलीपाशी बसून हे उत्तर रोज ऐके. पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला होता. मग तिने मुलाच्या अंगावरचा नवा सदरा पाहिला आणि भाकरी तव्यावर टाकली.

गावातली पोरे मात्र हेच उत्तर ऐकत मोठी झाली. खरे कारण सांगायला घरात कुणाला सवड नव्हती, आणि पाहुण्यांसमोर ते सांगायची बंदी होती.

अशात एक मोठा विद्वान गाव बघायला आला. जुन्या गावांचा त्याचा अभ्यास दांडगा, आणि मन खरोखर दयाळू. वेशीवर त्याने निमूटपणे जोडे काढले. काळी खडी टोचत होती तरी तो लंगडत सगळे गाव फिरला. त्यानेही तोच प्रश्न विचारला, त्यालाही तेच उत्तर मिळाले, आणि उत्तर ऐकून त्याने मान डोलावली.

संध्याकाळी तो टाक्यावर गेला. म्हातारी टाच घासत बसली होती. दिवसा खडीने कापलेल्या जागेतून रक्त येत होते, आणि त्यावरून ती दगड फिरवत होती. विद्वानाला ते बघवेना. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"आजी, डोंगर तुमचा देव आहे ना? मग लेकरांच्या पायाचं रक्त त्याला कशाला हवं असेल?"

म्हातारीने दगड धुतला. "मला नका विचारू," ती म्हणाली. "आमच्या घरात उत्तरं द्यायचं काम माझ्या मुलाकडे आहे."

विद्वानाला वाटले, म्हातारी लाजली. त्याने तिला पुन्हा काही विचारले नाही. तो मुखियाकडे गेला आणि सगळ्या गावासमोर त्याच्याशी फार प्रेमाने बोलला. भक्ती मनात असते, पायात नसते, असे त्याने समजावले. देवाला दुःखाचा नैवेद्य दाखवायचा नसतो, असे सांगितले. मुखियाजवळ याला उत्तर नव्हते. असते कसे? जे कारण विद्वान खोडून काढत होता ते मुळात कारणच नव्हते, आणि जे खरे होते ते सांगितले तर पाहुणे पळाले असते. मुखिया खाली मान घालून ऐकत राहिला. पोरांना विद्वानाचे म्हणणे पटले. त्यांनी जन्मभर जे ऐकले होते त्याचा फोलपणा त्यांना सरळ दिसत होता.

विद्वान घरी परतला आणि पहिल्याच जहाजाने त्याने जोड्यांची गाठोडी पाठवली. मऊ कातड्याचे, जाड तळाचे, चांगले जोडे होते. आधी पोरांनी घातले, मग सुनांनी, मग मुखियाने. खडी टोचेनाशी झाली. टाक्याचा काठ ओस पडला. टाचा घासायचे दगड पाहुण्यांना आठवण म्हणून विकले जाऊ लागले. वेशीवरच्या ओट्यावर अंजिरांच्या टोपल्या मांडल्या गेल्या.

म्हातारीने जोडे घातले नाहीत. तिच्या वाटचे तिने कोनाड्यात ठेवले. सून म्हणे, "सासूबाई, लोक मला नावं ठेवतात. म्हणतात, म्हातारीला साधे जोडे देत नाही." म्हातारी म्हणे, "त्यांना जोडे दाखव की. धूळसुद्धा बसलेली नाही, तू रोज पुसतेस."

काही वर्षांनी विद्वान पुन्हा आला. गावाने त्याला वाजतगाजत वर आणले. भर दुपारी मुखियाच्या अंगणात पंगत बसली. बाहेरगावचे पाहुणेही पुष्कळ होते. गोड वाढले जात असताना म्हातारी मागच्या दाराने आली आणि मुलासमोर उभी राहिली.

"टाक्याजवळ जमीन ऊन लागते आहे," ती म्हणाली.

मुखिया हसला. "दुपार आहे, आई. उन्हानं तापली असेल."

"सावलीतली सांगते आहे."

"मला तर काही लागत नाही."

"जोडे काढ."

म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती पुढे म्हणाली, "माझे पाय आता जुने झाले, मी चुकतही असेन. एकट्याच्या पायावर जायचं नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर आले. तू ये, आणखी चौघं या, आणि पाय लावून बघा. नाही लागली ऊन, तर मी माझे जोडे आजच घालते."

एका पाहुण्याने विचारले, "पाय लावून काय बघायचं? तुम्ही तर देवासाठी अनवाणी राहत होतात ना?"

सगळ्यांनी मुखियाकडे पाहिले. त्याला सांगता आले असते, की इतकी वर्षे आम्ही तुम्हाला खोटे सांगितले. एवढ्या एका वाक्याचे काम होते. पण समोर भरली पंगत होती, पाहुणे होते, विद्वान होता. तो म्हणाला, "आईचं वय झालंय. आता तिला देव पायात येऊन भेटतो."

लोक हसले. पोरे सगळ्यात मोठ्याने हसली.

विद्वान मात्र हसला नाही. म्हातारीने 'चुकतही असेन' म्हटले होते, ते त्याला कुठेतरी लागले. भक्तीत अडकलेले माणूस असे बोलत नाही. त्याचा हात ताटावरून निघाला आणि जोड्याच्या बंदापर्यंत गेला. बंद अर्धा सुटलासुद्धा. मग त्याच्या मनात आले, ज्याने या लोकांना जोडे घालायला शिकवले तोच आज म्हातारीच्या सांगण्यावरून जोडे काढतो, हे दिसायला कसे दिसेल? त्याने बंद पुन्हा आवळला आणि बंद सैल झाला होता, असे शेजारच्याला उगीचच सांगितले.

म्हातारीने ते पाहिले. गोठ्यातून आपली शेळी सोडून ती खालच्या वाटेला लागली. सुनेने धावत जाऊन तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. म्हातारी तिला चल म्हणाली, हातही धरला. सून म्हणाली, "पंगत अर्धी वाढायची राहिली आहे हो. तुम्ही व्हा पुढं. राग उतरला की या."

विद्वान आठवडाभर राहणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने समुद्राचे निमित्त काढले. वारा फिरेल, जहाज अडकेल, असे काहीबाही सांगितले. गावकऱ्यांनी त्याला गाढवावर बसवले आणि अंजिरांची टोपली पुढ्यात दिली. मुखिया वेशीपर्यंत पोचवायला आला.

"पंडितजी, आईनं तुम्हालाही घाबरवलं की काय?" त्याने हसत विचारले.

"छे," विद्वान म्हणाला.

तोही हसला. गाढवावर बसल्यामुळे बंदरापर्यंत त्याचा पाय जमिनीला लागला नाही.

जहाज सुटायच्या आत डोंगर फुटला. आधी धूर आला की आवाज, हे बंदरावर कुणाला सांगता आले नाही. माथ्यावरून एक करडा ढग उतरला आणि गाव होते त्या जागेवरून पुढे सरकत अर्ध्या उतारावर येऊन थांबला. वाटेने कुणी खाली आले नाही. संध्याकाळपर्यंत राख पडत होती. बंदरावरच्या होड्यांवर, अंजिरांच्या टोपलीवर, शेळीच्या पाठीवर तिचा थर बसला.

म्हातारी धक्क्याच्या टोकाला बसली होती. भाकरी तशीच फडक्यात होती. विद्वान तिच्याजवळ गेला. म्हणाला, "आजी, मला खरं कारण कुणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं," म्हातारी म्हणाली. "पण पाहुणे, तुम्हीही पहिलंच उत्तर घेऊन बसलात. ते खोडायला सोपं होतं ना."

विद्वानाने जोड्यांवरची राख झटकली.

"आणि मी," ती म्हणाली, "पोरगं पहिल्यांदा खोटं बोललं तेव्हा मी तिथंच होते. भाकरी थापत होते. चांगला सदरा आला होता त्याला." तिने राखेने भरलेले फडके झटकले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. "काल बंद कशाला सोडला होतात?"

विद्वान धक्क्यावर खाली बसला आणि त्याने जोडे काढले. दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि डोळे मिटून वाट पाहिली. दगड ऊन होता. ती ऊब दिवसभराच्या उन्हाची होती की डोंगराची, त्याला काही केल्या कळेना. शेजारीच म्हातारीचे पाय होते, पण तिला विचारायचे धाडस त्याला झाले नाही.

तात्पर्य एवढेच: आपल्या रीतीचे खरे कारण लपवून जो तिला गोड कारण चिकटवतो, त्याची रीत कुणाच्याही दयेच्या दोन शब्दांनी मोडते, आणि जो मनात शंका आली असताना लाजेपायी बंद पुन्हा आवळतो, त्याची विद्या आणि त्याची दया त्या वेळी कुणाच्याच कामी येत नाही.