टुणकीचे विषय आणि माझे सोमवार

लेक डॉक्टर व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. अकराव्या सोमवारी ती म्हणाली, "आई, मला विज्ञान नको, चित्रकला घ्यायचीय." मी महादेवापुढे रुसून बसले, तेव्हा ही कहाणी सुचली.

एका तळ्यात टुणकी नावाची बेडकाची पोर होती. शेपटी हलवत ती म्हणे, "मी मासा होणार!" म्हणून कासवगुरुजींच्या शाळेत तिनं पोहणं आणि बुडी हे विषय घेतले. पुढे तिला पाय फुटले, तशी ती म्हणाली, "गुरुजी, मला आता उडी शिकायचीय."

बेडकीण कडाडली, "खबरदार! पोर मासा होणार, असं तळंभर सांगून बसलेय मी."

"अहो, तळं आटत चाललंय. उडी आली नाही तर पोर चिखलात रुतेल," गुरुजी म्हणाले. "आणि तुमची शेपूट कुठाय हो, बाई?"

बेडकिणीनं मागं वळून पाहिलं. "अगंबाई! कधी गळली, कळलंच नाही की!" मग तिनंच गुरुजींना सांगितलं, "लिहा, उडी."

मी उरलेले पाच सोमवार मोडले नाहीत, फक्त देवाजवळचं मागणं बदललं. बायांनो, मुलं विषय बदलायचं म्हणाली, तर तुम्हीही तसंच करा, आणि चुरम्याचा पहिला घास त्यांनाच द्या.