पाटावरची मधली जागा

हत्यारं चारचौघांत बिनधास्त बोलत, त्या काळातली गोष्ट. खंडेनवमीला सुताराच्या हत्यारांची पूजा होती. पॉलिशचा ब्रश ऐटीत पाटाच्या मधोमध जाऊन बसला. पहिला हार त्याला हवा होता. गिऱ्हाइकं कपाट बघून "वा, काय चमक!" म्हणत, तेव्हापासून स्वारी हवेतच होती.

"ब्रशराव, सरका जरा," करवत म्हणाली. "ती जागा धारेच्या दगडाची."

"त्या काळ्या ठोकळ्याची? त्याला गावात ओळखतं तरी कोण?"

"कोणीच नाही," रंधा हसला. "पण धार गेली की आम्ही गावाकडे नाही जात."

ब्रशने वळून पाहिलं. पटाशीसुद्धा दगडाला वाट देऊन अदबीने उभी होती. ब्रश निमूट उठला.

दगडच अवघडला. म्हणाला, "अहो, उठताय कशाला? बसा की शेजारी."