वेशीवरचा प्रश्न

एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा होता. गावाची रीत अशी, की वेशीत परकं माणूस दिसलं की पहिल्यानं विचारायचं, “कुणाकडं आलात?” मग पाणी द्यायचं आणि त्या घरापर्यंत पोचवायचं. म्हातारा जन्मभर वेशीजवळच्या दगडावर बसून हेच विचारत आला. त्याची धाकटी बहीण अनसा घरच्यांशी भांडून, मनाजोगं लग्न करून लांब निघून गेली होती. कधीतरी तिच्याकडचं कुणी येईल, म्हणून त्यानं दगड सोडला नाही.

पुढं गावच्या डोहाचं नाव झालं आणि शहरातल्या गाड्यांची रीघ लागली. माणसं डुंबणार, बाटल्या टाकणार, धुणं धुणाऱ्या बायांचे फोटो काढणार. म्हातारा चिडला. “हे कुणाकडंच येत नाहीत. ह्यांना काय विचारायचं, कपाळ?” म्हणाला, आणि विचारणंच बंद केलं.

एके दिवशी एक पोरगी गाडीतून उतरली. काळा चष्मा, काखेत पिशवी. म्हाताऱ्यासमोर नुसती उभी राहिली, कशाची तरी वाट बघितल्यासारखी.

“डोह खाली आहे. गाडी तिकडं लाव,” म्हातारा खेकसला.

“बाबा, मी काय म्हणते...”

“काही म्हणू नकोस. तुझ्यासारखे छप्पन्न बघितलेत.”

पोरगी मुकाट्यानं डोहाकडं गेली. थोड्या वेळानं म्हातारा बघतो तर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पिशवीतलं काहीतरी सोडते आहे.

“ए बये! कचरा तुझ्या घरी ने! उकिरडा वाटला काय?”

तिनं वळून बघितलं. “कचरा नाही हो,” एवढंच म्हणाली आणि गेली.

तिन्हीसांजेला डोहाजवळची चहावाली धापा टाकत आली. “भाऊ, ती पोरगी चहाला थांबली होती. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, कुणाकडं आलतीस ग? तशी रडायलाच लागली. तुमच्या अनसाची लेक हो! आईची रक्षा घेऊन आली होती. आई सांगून गेली म्हणे, वेशीत उभी राहा, कुणीतरी विचारीलच. माझं नाव सांग. माझा भाऊ येईल, त्याच्या हातानं सोड.”

“कुठाय ती?”

“थांब म्हटलं, बोलावते त्यांना. नको म्हणाली, झालं आईचं काम. गाडीत बसून गेली.”

म्हातारा धडपडत डोहावर गेला. पाणी केव्हाच निवळलं होतं.

आता तो पुन्हा दगडावर बसतो आणि दिसेल त्याला विचारतो, “कुणाकडं आलात?”

“कुणाकडं नाही हो, फिरायला!” म्हणत लोक हसतात. तो त्यांना पाणी देतो. त्याच्याकडं यायचं होतं ते येऊन गेलं, हे त्याला ठाऊक आहे.

तात्पर्य: घाण करणाऱ्याला खुशाल झापा, पण आधी माणसाला तो कोण, कुठला ते विचारा, मागाहून कळून उपयोग नसतो.