खिंडीवरचा मुका नगारा

एका राज्यात वर्षाचे पाच महिने हिवाळा असे, आणि त्या राज्यात शिरायला व बाहेर पडायला एकच वाट होती. ती वाट एका उंच खिंडीतून जाई. खिंडीच्या माथ्यावर दगडी बुरूज होता, बुरुजावर तांब्याचा नगारा होता, आणि नगाऱ्यापाशी येसाई नावाची नगारचीण राहत असे. तिची आई नगारचीण, आजीही नगारचीण. वाऱ्याचा वास बदलला की येसाईला वादळाची चाहूल लागे. मग ती नगाऱ्यावर टिपरी टाकी. एक ठोका म्हणजे जाड घोंगडी घेऊन निघा. दोन ठोके म्हणजे म्हाताऱ्यांनी, लेकुरवाळ्यांनी आणि ओझ्याच्या जनावरांनी वाटेला लागू नये. तीन ठोके म्हणजे कोणीही उंबरा ओलांडू नये, आणि जो वाटेवर असेल त्याने मिळेल त्या आडोशाला शिरावे.

त्या राज्याचा राजा धवलसेन. एके दिवशी त्याच्या दरबारी शिशिरकेतू नावाचा जादूगार आला. त्याच्या दाढीला हिमाचे लोलक लटकत होते आणि तो उभा राही तिथली फरशी पांढरी पडे. त्याने शुभ्र रत्नांनी भरलेला पेटारा राजापुढे ठेवला आणि बदल्यात नगाऱ्याचा आवाज मागितला. नगारा नको, नुसता आवाज. राजाला वाटले, आवाज काय, हवेतच विरून जातो. त्याने स्वतःच्या हाताने पेटारा उचलून घेतला आणि करार झाला.

तिसऱ्या दिवशी येसाईला वादळाचा वास आला. तिने टिपरी टाकली. तांबे थरथरले, पण आवाज उमटला नाही. ती टिपरी फेकून खाली वाटेकडे धावली. तोवर एक लग्नाचे वऱ्हाड खिंडीत शिरले होते. एकतीस माणसे होती, आणि सर्वांत पुढे चमरी गायी हाकत तिचा धाकटा भाऊ रायाजी चालला होता. येसाई पहिल्या वळणाशी पोहोचली आणि वादळ कोसळले. ती एका कपारीत शिरून वाचली. वादळ ओसरल्यावर वाटेवर ना माणूस होता, ना गाय, ना पाऊल.

राजाला बातमी कळली तेव्हा तो फार घाबरला. पण कराराची गोष्ट उघड होऊ नये म्हणून त्याने दवंडी पिटवली की, या राज्यात हिमवादळ येत नाही, आणि वादळाचे नाव घेईल त्याची जीभ छाटली जाईल.

बुरुजाच्या वळचणीला एक म्हातारा डोमकावळा राहत असे. तो माणसाच्या भाषेत बोले, पण फार थोडे. त्याने येसाईला राजाचा करार आणि खिंडीपलीकडचा जादूगाराचा हिममहाल, सारे सांगितले. नगाऱ्यावरच्या शापाची गाठ राजाने घेतलेल्या पेटाऱ्यात आहे. ज्या हातांनी तो घेतला त्याच हातांनी नदीत टाकला, तर शाप सुटेल. येसाई तडक दरबारात गेली.

"या राज्यात वादळ येत नाही," राजा म्हणाला. "दवंडी ऐकली नाहीस?"

"ऐकली, महाराज. वादळानेही ऐकली असेल. त्याने मानली नाही."

दरबार खाली बघू लागला. येसाईने भर सभेत शाप कसा सुटेल ते सांगितले. एकतीस माणसांची नावे एकेक करून घेतली आणि ती कुठे आहेत असे विचारले. जीभ छाटण्याचा हुकूम राजाच्या तोंडून निघेना. अखेरीस तो म्हणाला की पेटारा जागचा हलणार नाही, आणि तिने आजच्या आज राज्याची सीमा सोडावी.

"सीमा खिंडीपलीकडे आहे," येसाई म्हणाली. "मी तिकडेच निघाले होते."

तिने आजीची घोंगडी घेतली, लोखंडी टोकाची काठी घेतली, डोमकावळ्याला खांद्यावर बसवले आणि ती दोन दिवस चढत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिशिरकेतू स्वतः तिला सामोरा आला. त्याने तीन कामे सांगितली. तिन्ही केलीस तर आवाज तुझा, एक चुकलीस तर तू माझी.

पहिले काम गोठलेले सरोवर ओलांडण्याचे होते. येसाई काठीने बर्फ ठोकत निघाली. जिथे बद्द आवाज येई तिथे पाय ठेवी, जिथे मडक्यासारखा पोकळ आवाज येई तिथून मागे सरे. मधोमध पोहोचली तेव्हा चहूकडून पोकळ आवाज येऊ लागला. खाली काळे पाणी फिरताना दिसत होते. मग तिने घोंगडी पसरली, तिच्यावर पालथी पडली आणि हातभर, हातभर सरकत पलीकडे गेली. बर्फाला तडे गेले, पण तो फुटला नाही.

दुसरे काम एक पांढरे माळरान सूर्य मावळायच्या आत पार करण्याचे होते. ती निघाली आणि धुके उतरले. आभाळ कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते कळेना. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा येसाईने बर्फात खड्डा केला आणि ती त्यात अंग चोरून बसली. बसल्या जागी बोटे चोळत राहिली, पाय आपटत राहिली, कारण थंडीत डोळा लागला तर तो उघडत नाही हे तिला ठाऊक होते. समोरून रायाजीच्या आवाजात कोणी हाक मारली, "येसाई, इकडे ये." तिचे काळीज हलले. पण रायाजीने तिला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. तो आक्का म्हणे. ती जागची उठली नाही. दुपार कलल्यावर धुके विरले, आणि वीस पावलांवर अथांग दरी दिसली. दरीला वळसा घालून ती सूर्य मावळायच्या आत पलीकडे पोहोचली.

"मी चालायला सांगितले होते," जादूगार रागाने म्हणाला.

"केव्हा चालायचे ते मी ठरवते. माझे कामच ते आहे."

तिथेच जादूगाराचा हिममहाल होता. ती रात्र तिने त्याच्या पायऱ्यांवर काढली, आणि उजाडल्यावर शिशिरकेतूने तिला आत नेले. आत एकतीस माणसे बर्फात गोठून उभी होती. नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या. रायाजीच्या हातात चाबूक होता. कोपऱ्यात निळ्या बर्फाचा रांजण होता आणि त्यातून घुमल्यासारखा नाद येत होता. येसाईने तो ओळखला.

"तिसरे काम सोपे आहे," जादूगार म्हणाला. "या राज्यात वादळ येत नाही, एवढेच म्हण. तुझा भाऊ सोडतो, आवाजही देतो."

येसाईने भावाच्या गालावर हात ठेवला. बर्फाने तळवा भाजला, तरी तिने तो काढला नाही. इतक्यात डोमकावळ्याने मान वळवली. महालाच्या दारातून अख्खे राज्य दिसत होते. त्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी मेंढ्यांचा मोठा बाजार होता, आणि तिकडे जायला माणसे घरांतून निघत होती, मुलाबाळांसकट. उत्तरेला वादळाची काळी भिंत उभी राहत होती.

"नाही म्हणत," येसाई म्हणाली. "हे खोटे खोडायला मी आले. ते बोलून आवाज नेला, तर नगारा वाजवू कशाला?"

"मग तो कधीच वाजणार नाही."

"माझा गळा तू विकत घेतलेला नाहीस."

ती दारात गेली, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली की वादळ येत आहे, कोणीही उंबरा ओलांडू नका. जादूगार हसला. एका बाईचा आवाज जाऊन जाऊन किती लांब जाणार!

वरच्या उतारावर एक धनगरीण मेंढ्या हाकत होती. तिने तो आवाज ऐकला. दवंडीही तिला आठवली. तिने क्षणभर आपल्या जिभेवरून बोट फिरवले, मग हात तोंडाशी नेले आणि तीच हाक खाली दिली. खाली लाकूडतोड्याने ऐकली, त्याने पुढे दिली. पाणक्याने दिली, सुईणीने दिली, कोष्ट्यांच्या आळीने एका सुरात दिली. नगराच्या वेशीवर हवालदार ओरडणाऱ्यांना धरायला उभा होता. त्याने उत्तरेकडे पाहिले आणि तोही ओरडू लागला.

राजवाड्यात राजाने हाक ऐकली. त्याने सेनापतीला हुकूम केला की ओरडणाऱ्यांना धरून आणा.

सेनापती हात जोडून म्हणाला, "महाराज, कोणाकोणाला धरू? सगळे राज्य ओरडते आहे."

राजा सिंहासनावरून उठला. तो एकटा खजिन्यात गेला. सेवक पेटाऱ्याला हात लावायला आले, त्यांना त्याने दूर केले. पेटारा इतका थंड होता की राजाची कातडी त्याला चिकटली. तसाच तो नदीवर गेला आणि त्याने पेटारा पाण्यात लोटला. हाताची सालटी पेटाऱ्याबरोबर गेली.

त्याच क्षणी निळा रांजण फुटला. नाद सुटला आणि खिंडीवरच्या नगाऱ्यात जाऊन भरला. नगारा कोणी हात न लावता तीनदा वाजला. शिशिरकेतूची दाढी वितळली, अंग वितळले, आणि तो पाणी होऊन पायऱ्यांवरून ओघळून गेला. एकतीस माणसांच्या अंगावरचा बर्फ निखळला. नवरीने डोळे उघडले आणि विचारले, "मुहूर्त टळला का?"

वादळ मात्र आले. ते ऋतूचे होते, जादूगाराचे नव्हते. पण ते येऊन पोहोचले तेव्हा वाटेवर कोणी नव्हते. दारे लागली होती, चुली पेटल्या होत्या, मेंढ्या गोठ्यांत शिरल्या होत्या, आणि वऱ्हाड हिममहालाच्या भिंतीआड एकमेकांना बिलगून बसले होते. दोन दिवसांनी येसाई सर्वांना खाली घेऊन आली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे थंडीने गेली होती. लग्न त्याच आठवड्यात लागले. राजाने भर चौकात उभे राहून स्वतःच्या तोंडाने आपली चूक सांगितली, आणि जुनी दवंडी मागे घेतली.

पुढच्या हिवाळ्यात राजाला शेजारच्या राज्यात मेजवानीला जायचे होते. पालखी, घोडेस्वार, मशालजी असा लवाजमा खिंडीच्या तोंडाशी आला. ऊन पडले होते, आभाळ निळे होते. येसाईने वारा हुंगला आणि नगाऱ्यावर तीन ठोके दिले.

राजाने निरोप पाठवला की मेजवानी मोठी आहे, तिथले राजे वाट पाहत आहेत, आणि आभाळात ढगही नाही. येसाई बुरुजावरून खाली उतरून आली आणि पालखीसमोर वाटेत उभी राहिली.

"आज नाही, महाराज."

राजाने तिच्याकडे पाहिले. मग भोयांना पालखी फिरवायला सांगितले.